ट्यूब उलटी करा: लॅब टेक्निशियन ते टेक्निकल रायटर, एक प्रकरण अभ्यास

सप्टेंबर २०२३ मधल्या एका शनिवारी ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्याजवळ लेखनाच्या नऊ नमुन्यांची एक पीडीएफ होती. टेक्निकल रायटिंगचा पाच महिन्यांचा क्लास झाला होता, ४५,००० रुपये फी भरून झाली होती. २२ ठिकाणी अर्ज गेले होते. उत्तर एकच आलं होतं आणि तेही नकाराचं. खुर्चीत बसता बसता तिनं विचारलं, "ताई, माझं इंग्रजी कमी पडतंय का?"

मी पुण्यात १९ वर्षं टेक्निकल रायटर म्हणून काम करते, म्हणजे यंत्रं आणि सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देते. महिन्याकाठी दोन-तीन जण तरी पोर्टफोलिओ दाखवायला येतात. त्यांत शिक्षिका असतात, अनुवादक असतात, कॉल सेंटरमधली मुलं असतात, मेकॅनिकलचे इंजिनिअर असतात. त्यांतलं हे एकच प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण तिच्याकडे जे सगळ्यात मोलाचं होतं तेच तिनं पोर्टफोलिओच्या बाहेर ठेवलं होतं, आणि तसं ठेवायला तिला शिकवलं गेलं होतं. लिहायला तिची परवानगी आहे. तिचं, लॅबचं, क्लासचं, कंपनीचं नाव मात्र देत नाही.

वय ३६. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी., त्यानंतर डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञानाची पदविका. १२ वर्षं लॅब टेक्निशियन, त्यांतली शेवटची सात एका मध्यम आकाराच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. महिन्याला आठ-दहा रात्रपाळ्या, हातात २६,००० रुपये, मुलगा चौथीत. सिनियर टेक्निशियन झाल्यावर वर पायरीच नव्हती. लॅबला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घ्यायची होती. ती मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर मिळते आणि त्यासाठी लॅबमधली प्रत्येक कृती लिहून काढावी लागते: नमुना कसा घ्यायचा, कधी नाकारायचा, मशीन सकाळी कसं तपासायचं, चुकीचा रिपोर्ट गेला तर काय करायचं. हे लिहायचं कोणी? "तुझं इंग्रजी बरं आहे, तूच लिही," असं म्हणून ते तिच्याकडे आलं. चार वर्षं ती एसओपी, म्हणजे प्रत्येक कामाची ठरलेली लेखी पद्धत, लिहीत होती, ऑडिटरच्या शेऱ्यांनुसार सुधारत होती, जुन्या प्रतींवर 'रद्द'चे शिक्के मारत होती. बायोडेटात या सगळ्याची एक ओळ होती: 'डॉक्युमेंटेशनचं काम पाहिलं.'

पीडीएफमधले नऊ नमुने असे: जीमेलचं खातं उघडणे, वॉशिंग मशीन चालवणे, चहा करणे, व्हॉट्सॲपचा बॅकअप घेणे, आणि असेच आणखी पाच. मी ते ओळखले. त्याच क्लासमधून आलेल्या दोघांकडे जवळजवळ हेच नमुने मी आधी पाहिले होते. भाषा स्वच्छ होती, व्याकरणाच्या चुका नव्हत्या. तिच्या इंग्रजीची मला काळजी वाटली नाही. मी विचारलं, "हे वॉशिंग मशीनचं कोणासाठी लिहिलंयस?" ती म्हणाली, "युजरसाठी." "कोणता युजर? त्याच्या घरी पाणी किती वेळ येतं? तो हे पान कधी उघडतो, मशीन घेतल्यावर की बिघडल्यावर?" यावर ती गप्प बसली. ते मशीन तिनं कधी वापरलंच नव्हतं.

भिंतीवरचा कागद

खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत निघाली, तीही चहा पिताना. लॅबच्या कलेक्शन सेंटरवरून येणाऱ्या नमुन्यांत काही पेशंटचं पोटॅशियम भलतंच जास्त आणि कॅल्शियम भलतंच कमी यायचं, आणि पेशंट मात्र धडधाकट. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ईडीटीएचा पोटॅशियम क्षार असतो. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. लाल टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं की सेंटरवरची मुलं जांभळीतलं थोडं तिच्यात ओतायची. रक्त एकाच माणसाचं, मग बिघडलं कुठे, असा त्यांचा हिशेब. याविषयी चार पानांची इंग्रजी एसओपी होती. प्रत्येक सेंटरवर तिची प्रत होती आणि 'वाचली' म्हणून त्या प्रतींवर सगळ्यांच्या सह्याही होत्या.

एका रात्रपाळीत तिनं ए-फोर कागदावर मराठीत आठ ओळी लिहिल्या, टोप्यांचे रंग स्केचपेननं रंगवले, कागद लॅमिनेट केला आणि रक्त घेण्याच्या खुर्चीसमोर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवायला लावला. महिन्याभरात असे नमुने येणं जवळजवळ थांबलं.

"हे पोर्टफोलिओत का नाही घातलंस?"

"ताई, ते मराठीत आहे. आणि तो भिंतीवरचा कागद, ते काय टेक्निकल रायटिंग?"

क्लासमध्ये तिला सांगितलं होतं की जुनं क्षेत्र विसरा, आता तुम्ही आयटीत जाताय. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. वाचक कोण, तो कुठे उभा आहे, त्याचे हात मोकळे आहेत का, तो कुठे चुकतो, हे तिनं स्वतः पाहिलं होतं, त्यावर उपाय लिहिला होता आणि परिणाम मोजला होता. आमच्या धंद्यात अनेकांना पाच-पाच वर्षं आपला वाचक डोळ्यांनी दिसत नाही.

मग कुठल्या वाटेनं जायचं हे ठरवायला बसलो. सर्वसाधारण सॉफ्टवेअरकडे गेली तर ती शेकडो नवशिक्यांमधली एक होणार. मेडिकल रायटिंगचं नाव अनेकांनी सुचवलं होतं, पण तो वेगळा व्यवसाय आहे. तिथे क्लिनिकल ट्रायलचे अहवाल आणि औषध-नियामकांना द्यायचे दस्तऐवज लिहितात, आणि बहुतेक ठिकाणी फार्मसी, वैद्यक किंवा जीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मागतात. तिच्या बी.एस्सी.ला तिथे दार उघडणं अवघड होतं. उरली ती लॅबच्या आतलीच वाट. लॅबमध्ये ॲनालायझर असतात, किट असतात, रिपोर्ट तयार करणारं सॉफ्टवेअर असतं, आणि या प्रत्येकाबरोबर कोणीतरी लिहिलेली पुस्तिका येते. तपासणी-किटसोबतची घडीची पत्रिका ती १२ वर्षं रोज वाचत होती. भारतात २०१७ चे मेडिकल डिव्हायसेस रूल्स आहेत, युरोपात आयव्हीडीआर हा अशा तपासणी-साधनांसाठीचा नियम आहे. म्हणजे ही पत्रिका उत्पादनाचाच भाग आहे आणि ती नियमानं तपासली जाते. अशा कंपन्यांना लिहिणारी माणसं लागतात, आणि त्यांना लॅब आतून माहीत असेल तर पहिले सहा महिने वाचतात.

अभ्यास

आठवड्याला सहा तास मिळायचे. बहुतेक रात्रपाळीनंतरच्या दिवशी, झोप झाल्यावर, मुलगा शाळेतून यायच्या आत. एवढ्यात काय शिकायचं, यापेक्षा काय सोडायचं हे ठरवायला आम्हांला जास्त वेळ लागला.

गूगलचे टेक्निकल रायटिंगचे पहिला आणि दुसरा भाग हे दोन अभ्यासक्रम मोफत आहेत. ते तिनं तीन आठवड्यांत संपवले. शैलीसाठी मायक्रोसॉफ्टचं आणि गूगलचं, अशा दोन मार्गदर्शिका जवळ ठेवल्या. त्या सलग वाचायच्या नसतात, शंका आली की उघडायच्या. तिला मनापासून आवडलं ते मात्र विमान दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी तयार झालेलं एसटीई-१०० हे सोप्या इंग्रजीचं मानक. त्यात कृतीच्या वाक्याला जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्याला २५, आणि एका शब्दाला एकच अर्थ. तिनं स्वतःच्या लिखाणाची सवय आठवून पाहिली. एकाच पानावर 'सॅम्पल', 'स्पेसिमेन' आणि 'ब्लड' हे तिन्ही शब्द ती एकाच गोष्टीसाठी वापरत आली होती.

गिट या फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला तिला वेळ लागला. घरचा लॅपटॉप जुना, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची सवय नाही, आणि पहिल्याच 'मर्ज कॉन्फ्लिक्ट'ला, म्हणजे दोन बदल एकमेकांवर आदळले तेव्हा, सगळं काम गेलं असं वाटून तिनं रात्री साडेअकराला फोन केला. मी तिला विचारलं, लॅबमध्ये एसओपीची नवीन आवृत्ती आली की जुनीचं काय करता? "शिक्का मारून काढून घेतो. नाहीतर एका सेंटरवर जुनी, दुसऱ्यावर नवी." गिट हेच करतं, फक्त कुणी काय बदललं आणि का बदललं याची नोंद ओळीओळीला ठेवतं. त्यानंतर तिला गिटची भीती वाटली नाही. लॅबमधल्या दस्तऐवज-नियंत्रणाची शिस्त तिच्या अंगात मुरलेली होती, आणि ही शिस्त सॉफ्टवेअरच्या मुलांना शिकवताना माझी दमछाक होते.

सोडलं ते हे: फ्रेममेकर, रोबोहेल्प, मॅडकॅप फ्लेअर. क्लासमध्ये या साधनांवरच तीन महिने गेले होते. कोणतं साधन वापरायचं ते कंपनी ठरवते. डीआयटीएसुद्धा मी बाजूला ठेवायला लावलं. मजकुराचे संकल्पना, कृती आणि संदर्भ असे तुकडे करायची ही एक्सएमएल पद्धत आयबीएममध्ये जन्मली आणि २००५ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाली. त्यातली कल्पना समजून घे, एक्सएमएल नंतर, असं मी म्हटलं. याबद्दल पुढे लिहितेच.

प्रमाणपत्राचाही विषय निघाला होता. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशनची परीक्षा द्यावी का, पैसे डॉलरमध्ये भरायचे. मी नको म्हटलं, कारण तेवढ्या पैशांत तिच्या लॅपटॉपची मेमरी वाढत होती आणि तिला त्याची जास्त गरज होती. १९५३ पासूनचा वारसा असलेली ती संस्था जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंद झाली. त्याचं मला वाईटच वाटलं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत तिच्या भारतातल्या सभांमधूनच मला या धंद्यातली माणसं भेटली.

पहिला नमुना, आणि 'उलटी'

जुने नऊच्या नऊ नमुने काढून टाकले. त्यांच्या जागी काय, यावर पहिला खटका उडाला. पेनड्राइव्हवर तिच्या जुन्या एसओपी होत्या. लॅबचं नाव आणि लोगो पुसून त्याच टाकू, असं तिचं म्हणणं, "लिहिल्या मीच आहेत ना?" लिहिल्या तिनं, पण त्या लॅबच्या मालकीच्या नियंत्रित प्रती होत्या. लोगो पुसला म्हणून मालकी पुसली जात नाही. शिवाय नोकरी देणाऱ्याच्या मनात पहिला विचार येणार की ही उद्या आमचे कागदही असेच दाखवेल. तिनं पेनड्राइव्ह लॅबला परत केला. शिरेतून रक्त कसं घ्यावं याची सीएलएसआय या संस्थेची मानकं आहेत, ट्यूबचा क्रम पाठ्यपुस्तकांत छापलेला आहे. हे ज्ञान सगळ्यांचं आहे, त्यावर कुठल्या एका लॅबचा हक्क नाही. एका काल्पनिक लॅबच्या कलेक्शन सेंटरसाठी तिनं कोऱ्या पानावर नव्यानं लिहायला घेतलं, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत.

पहिला खर्डा दोन पानांचा झाला. ट्यूबचा क्रम: आधी ब्लड कल्चरची बाटली, मग निळी टोपी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. निळ्या ट्यूबमध्ये खुणेपर्यंत रक्त हवंच, कारण तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं असतं. रक्त कमी भरलं तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच वाढलेला दिसतो. जांभळी ट्यूब आठ ते दहा वेळा उलटी करायची, निळी तीन ते चार वेळा.

मी म्हटलं, आता हे तिघांना दे आणि तू बोलू नकोस, फक्त बघ. शेजारचा डीएमएलटीच्या पहिल्या वर्षाचा मुलगा, एका दवाखान्यातली रिसेप्शनवरची मुलगी जिला नुकतंच रक्त घ्यायला शिकवत होते, आणि तिची एक जुनी सहकारी. ट्यूबमध्ये रंगीत पाणी.

'जांभळी ट्यूब ८ ते १० वेळा उलटी करा.' मुलानं ट्यूब उलटी केली आणि टोपी खाली करून स्टँडमध्ये तशीच ठेवून दिली. पुढच्या ट्यूबकडे वळला. आठ ते दहा हा आकडा त्यानं वाचलाच नव्हता, 'उलटी करा' एवढंच त्याच्या डोक्यात गेलं. रिसेप्शनवरची मुलगी त्याच वाक्याशी थबकली. दवाखान्यात 'उलटी' म्हणजे काय हे तिला दिवसभर ऐकू येत असतं. तिनं वाक्य पुन्हा वाचलं, आणि तेवढ्यात ट्यूब हातात कशी धरायची ते विसरली. जुनी सहकारी न वाचताच बरोबर करून मोकळी झाली, म्हणजे तिच्याकडून आम्हांला काहीच कळलं नाही.

पुढचे दोन आठवडे ती या एका वाक्यावर होती. 'हळू हलवा' लिहून पाहिलं, तर मुलानं ट्यूब खळखळवली, आणि खऱ्या रक्तात तसं केलं तर पेशी फुटतात. 'खाली-वर करा' म्हटल्यावर त्यानं ट्यूब उभीच धरून वर-खाली नेली. शेवटी टिकलं ते असं: 'टोपी घट्ट लावा. ट्यूब आडवी धरून मनगट वळवा: टोपी खाली, मग टोपी वर. हे १ वेळा झालं. असं ८ ते १० वेळा करा.' शेजारी मनगटाची दोन चित्रं. इंग्रजी आवृत्तीत तेच वाक्य तिनं पुन्हा नव्यानं लिहिलं, कारण मराठीत सापडलेली चूक 'इन्व्हर्ट' या शब्दातही लपलेलीच होती.

एका बाबतीत मी चुकले. 'एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतू नका' या ओळीखाली तिनं कारण लिहिलं होतं, की जांभळ्या ट्यूबमधल्या औषधानं पोटॅशियम खोटं वाढतं आणि डॉक्टर चुकीचा उपचार करू शकतात. सूचनांच्या पानावर कारणं नकोत म्हणून मी ती ओळ खोडली. तिनं ऐकलं नाही. दोन्ही पानं त्या मुलाला दाखवली आणि विचारलं, रात्री एकटा असशील आणि रक्त कमी पडलं, तर काय करशील? कारण नसलेल्या पानावर तो म्हणाला, "थोडंसं घातलं तर चालत असेल." कारण वाचल्यावर म्हणाला, "पुन्हा टोचेन." ती ओळ राहिली. मी ही चाचणी तिला सुचवली होती, पण माझ्याच नियमावर ती लावून बघायचं मला सुचलं नव्हतं.

अंतिम पान एकच झालं. गिटमध्ये त्याच्या ३४ नोंदी आहेत.

दुसरा नमुना

सॉफ्टवेअरचा एक तरी नमुना हवा होता, आणि एपीआय, म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत, तिला माहीत नव्हती. मी तिला एफएचआयआर दाखवलं. आरोग्याची माहिती एका सॉफ्टवेअरकडून दुसऱ्याकडे कशी जावी याचं हे एचएल-सेव्हन या संस्थेचं मानक आहे. आपल्याकडच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचाही पाया तेच आहे, आणि त्यासाठीची भारतीय मार्गदर्शिका तयार करणारं केंद्र इथेच, पुण्यातल्या सी-डॅकमध्ये आहे. सरावासाठी हापी नावाचा एक सार्वजनिक चाचणी सर्व्हर आहे, तिथे कुणीही नोंद करून पाहू शकतं. अट एकच, खऱ्या पेशंटची माहिती टाकायची नाही. ही अट तिला सांगावी लागली नाही.

तिनं 'ऑब्झर्व्हेशन' ही नोंद उघडली. पेशंट कोण, तपासणी कोणती, आकडा किती, एकक कोणतं, सामान्य मर्यादा काय, रिपोर्ट कच्चा की पक्का. "अहो ताई, ही तर आपल्या रिपोर्टमधली एक ओळ आहे!" कोडमधल्या महिरपी कंसांची जी भीती होती ती त्या क्षणी गेली. लॉइंक या तपासण्यांच्या संकेतांक-यादीत हिमोग्लोबिनचा संकेतांक ७१८-७, एकक ग्रॅम प्रति डेसिलिटर. पहिली नोंद सर्व्हरनं स्वीकारली आणि नोंद तयार झाल्याचा २०१ हा आकडा पडद्यावर आला, तेव्हा तिनं त्याचा फोटो काढून मला पाठवला.

टेक्निकल मजकूर मांडायच्या, प्रोसिदा यांच्या डायटॅक्सिस पद्धतीप्रमाणे तिनं मजकूर चार प्रकारांत वाटला: शिकवणी, कृती, संदर्भ, विवेचन. शिकवणीत एक चूक राहिली, ती तीन आठवड्यांनी कळली. तिनं स्वतः तयार केलेल्या काल्पनिक पेशंटचा क्रमांक पहिल्याच पायरीत दिला होता. तो चाचणी सर्व्हर वेळोवेळी साफ केला जातो. माझ्या एका सहकाऱ्यानं पान उघडून पायऱ्या केल्या आणि दुसऱ्याच पायरीला 'सापडत नाही' असा ४०४ आला. तेव्हापासून शिकवणीची पहिली पायरी 'आधी स्वतःचा पेशंट तयार करा' अशी आहे.

या नमुन्यातलं सगळ्यात चांगलं पान तिनं मला न विचारता लिहिलं. 'स्टेटस' या रकान्यात काय काय येऊ शकतं ते मानकात दिलेलं आहे, पण तिथली भाषा कोरडी आहे, आणि लॅबमध्ये कधीच न गेलेल्या प्रोग्रामरला त्यातला फरक कळणं कठीण. तिनं प्रत्येकाला लॅबमधला प्रसंग जोडला. लघवीच्या कल्चरमध्ये दुसऱ्या दिवशी वाढ दिसली, जंतूचं नाव अजून ठरायचंय: 'प्रिलिमिनरी'. पक्का रिपोर्ट गेल्यावर आकड्यातली चूक सापडली आणि दुरुस्त केली: 'करेक्टेड'. पक्क्या रिपोर्टमध्ये नंतर भर घातली: 'अमेंडेड'. नमुन्यावर दुसऱ्याच पेशंटचं लेबल होतं, म्हणजे ही नोंद या माणसाची नव्हेच: 'एंटर्ड इन एरर'. खाली एक वाक्य: शेवटच्या प्रसंगात आकडा बदलून भागत नाही, कारण दुसऱ्या माणसाचा आकडा या माणसाच्या इतिहासात राहतो. हे पान पुढे कामाला आलं.

तिसरा नमुना म्हणजे लॅबच्या एका खुल्या सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत केलेल्या दोन दुरुस्त्या. पहिलीवर दीड महिना कुणी काही बोललंच नाही. दुसरी स्वीकारली गेली, पण आधी तपासणाऱ्यानं तीन प्रश्न विचारले. तो संवादही तिनं पोर्टफोलिओत जोडला.

मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहिलेलं हे सगळं एमकेडॉक्स या साधनानं वेबपानांत बदलून गिटहब पेजेस या वेबसाइटच्या जागेवर ठेवलं. खर्च शून्य. प्रत्येक नमुन्याच्या आधी अर्ध्या पानाची नोंद: वाचक कोण, कुणाला वाचायला दिलं, ते कुठे अडकले, मी काय बदललं, काय मुद्दाम गाळलं. तीन नमुने, तीन नोंदी. नऊचे तीन झाले म्हणून ती घाबरली होती.

नोकरीचा शोध

जुलै २०२४ पासून तिनं १४ अर्ज केले, या वेळी निवडून. बायोडेटाची पहिली ओळ बदलली: १२ वर्षं क्लिनिकल लॅब, आयएसओ १५१८९ साठी चार वर्षं एसओपी लेखन. चार ठिकाणांहून बोलावणं आलं. एका मुलाखतीत "या वयात सुरुवात?" असं विचारलं गेलं. ती त्या रात्री फार खचलेली होती, आणि तिला समजवायला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. हा प्रश्न अजूनही विचारतात, आणि बहुतेक बायकांनाच विचारतात. दुसऱ्या एका ठिकाणी ४८ तासांत त्यांच्या चालू उत्पादनाची पूर्ण मार्गदर्शिका लिहून मागितली, चाचणी म्हणून, फुकट. मी तिला नाही म्हणायला सांगितलं. दोन-तीन तासांची लेखन-चाचणी ठीक आहे. विकल्या जाणाऱ्या उत्पादनाचं काम म्हणजे काम, त्याचे पैसे द्यायला हवेत.

तिसऱ्या ठिकाणी पोर्टफोलिओ उघडूनच मुलाखत सुरू झाली. "हे एआयनं लिहिलंय का?" तोवर हा प्रश्न सगळीकडे विचारला जाऊ लागला होता, आणि तो रास्तच आहे. तिनं गिटच्या ३४ नोंदी उघडल्या आणि 'उलटी'च्या वाक्याची सात रूपं एकामागून एक दाखवली, प्रत्येकाशेजारी कोण कुठे अडकलं याची ओळ. मग प्रॉडक्ट मॅनेजरनं 'स्टेटस'चं पान उघडलं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीच्या लेबलची नोंद 'करेक्टेड' म्हणून साठवली जात होती. पुढची वीस मिनिटं ते दोघं त्यावरच बोलत होते, मुलाखत बाजूलाच राहिली.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती त्या कंपनीत रुजू झाली. लॅबसाठी सॉफ्टवेअर करणारी मध्यम आकाराची कंपनी, सहा महिन्यांचा करार, महिना ३८,००० रुपये, रात्रपाळी नाही. तिच्या करारात पीएफ नव्हता, आजारपणाची रजा नव्हती. घरात यावरून बरंच बोलणं झालं, आणि नवऱ्याची नोकरी कायमची आहे म्हणूनच हे परवडलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण घरात दुसरा पगार नसता तर मीच तिला लॅब सोडू नकोस म्हटलं असतं.

पहिले दोन महिने फक्त रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं याच्या नोंदी. प्रोग्रामर वेळ देत नाहीत ही तिची तक्रार, जी या धंद्यातल्या सगळ्यांचीच आहे. तिनं त्यावर लॅबमधलाच उपाय केला. रोज सकाळी पावणेदहाला, त्यांचा चहा होत असताना, एका कागदावर तीनच प्रश्न लिहून न्यायचे, हो-नाहीत किंवा एका आकड्यात उत्तर देता येईल असे. डॉक्टर राउंडला निघायच्या आत त्यांच्याकडून सही घ्यायची सवय इथे उपयोगी पडली. इंग्रजीतल्या 'ए' आणि 'द'च्या चुका अजून होतात. एक सहकारी त्या दुरुस्त करतो आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही.

करार आतापर्यंत दोनदा वाढला आहे, कायम केलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं सगळी कागदपत्रं डीआयटीएत न्यायचं ठरवलं. मी बाजूला ठेवायला लावलेलं तेच. तिनं एक्सएमएल कामावरच शिकून घेतलं, तीन आठवडे लागले, आणि त्या काळात ती बाकीच्यांच्या मागे राहिली. मला अजूनही वाटतं की तेव्हा सहा तासांच्या आठवड्यात ते बसलं नसतं. तिला वाटतं, निदान एक लहान नमुना करून ठेवायला हवा होता. गेल्या महिन्यात एका बालवाडी शिक्षिकेला घेऊन ती माझ्याकडे आली. त्या बाईंनी पीडीएफ पुढे केली, आणि मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "ताई, हे सोडा. पालकांना तुम्ही डब्याबद्दल जी चिठ्ठी पाठवता, ती दाखवाल?"